‘मोफत’ ट्रायलला कार्डाचा नंबर कशाला लागतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून एक बातमी आली. प्राइम सदस्यत्वाच्या खटल्यात ॲमेझॉनने २५० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यातले १०० कोटी दंडाचे आणि १५० कोटी सुमारे साडेतीन कोटी ग्राहकांना परत करायचे. खटला भरला होता फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित आणि बाजारातली स्पर्धा सांभाळणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने. तिचा आरोप असा, की लोकांना नकळत सदस्य करून घेतलं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड केलं. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पैसे मात्र मान्य केले.

बातमी वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की नकळत सदस्य कुणी होतं कसं? कार्ड आपणच काढलं, नंबर आपणच टाइप केला, बटण आपणच दाबलं. मग नकळत काय घडलं?

प्रश्न रास्त आहे. ॲमेझॉनचं उदाहरण तरी त्यातल्या त्यात सभ्य, कारण तिथे सदस्याला काहीतरी सेवा मिळते. त्याखाली एक मोठं तळघर आहे. वजन कमी करणाऱ्या गोळ्यांची ‘मोफत बाटली’, बुद्ध्यांक चाचणीचा निकाल, एखादी पीडीएफ वर्डमध्ये करून देणारी साइट, फोटोत म्हातारपण दाखवणारं ॲप. एकदाच किरकोळ पैसे भरल्यासारखं वाटतं आणि तीन महिन्यांनी स्टेटमेंटमध्ये अनोळखी नावाने तीनदा पैसे गेलेले दिसतात. वरच्या मजल्यावर आणि तळघरात वापरलं जाणारं यंत्र मात्र एकच आहे.

## बादली आणि नळ

ऑनलाइन पैसे देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली बादलीची. वस्तू घेतली, पैसे दिले, हिशेब मिटला. दुसरी नळाची. परवानगी एकदाच द्यायची, मग दर आठवड्याला, महिन्याला किंवा वर्षाला पैसे आपोआप वाहत राहतात. या कायमच्या परवानगीला बँकवाले ‘मँडेट’ म्हणतात.

नळ वाईट नसतो. दर महिन्याला आठवणीने बिल भरण्यापेक्षा ते आपसूक भरलं गेलेलं बरंच. फक्त या नळाची तोटी आपल्याकडे नसते, ती विक्रेत्याच्या हातात असते. कधी आणि किती पैसे ओढायचे ते तो बँकेला कळवतो, आणि पहिल्या दिवशी आपण दाबलेलं बटण हा त्याच्याकडचा परवाना असतो.

छुप्या बिलाचा सगळा खेळ एवढ्यात मावतो: बादली मागायला आलेल्याला नळजोडणी द्यायची आणि ती दिली आहे हे त्याला कळू द्यायचं नाही. हे जमतं, कारण पैसे भरण्याचा पडदा दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच दिसतो. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन अंक. बोटांना दोन्हींत फरक जाणवत नाही.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. वस्तू खरोखर फुकट असती तर तुमचा पत्ता पुरला असता. कार्ड मागितलं जातं ते आजच्या पैशांसाठी नव्हे, पंधरा दिवसांनंतरच्या पैशांसाठी. ‘फक्त टपालखर्च भरा’ असं म्हणतात तेव्हाही टपालखर्च हे निमित्त असतं. त्या चिमुकल्या रकमेतून कार्ड चालू आहे हे सिद्ध होतं आणि ते नोंदवून ठेवता येतं.

## मौनं संमतिलक्षणम्

ही युक्ती इंटरनेटने शोधलेली नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब सुरू झाला. क्लब दर महिन्याला एक पुस्तक निवडायचा आणि सभासदांना कळवायचा. नको असेल तर तसं उलट टपाली कळवायचं. नाही कळवलं, तर पुस्तक आणि बिल दोन्ही घरी. पुढे १९५५ मध्ये कोलंबिया कंपनीने रेकॉर्ड विकायला हीच पद्धत उचलली, आणि नंतरच्या काळात तर ‘एका सेंटमध्ये आठ सीडी’ असल्या जाहिरातींनी लोकांना सभासद केलं गेलं. एका सेंटच्या मागोमाग पूर्ण किमतीच्या सीडी येत राहायच्या.

म्हणजे ग्राहक ‘हो’ म्हणतो म्हणून नव्हे, तर ‘नाही’ म्हणायला विसरतो म्हणून विक्री होते. इंग्रजीत याला ‘निगेटिव्ह ऑप्शन’ असं नाव आहे. आपल्याकडे त्याला फार जुनं संस्कृत वचन तयार आहे, फक्त ते वचन बिल लावण्यासाठी केलेलं नव्हतं. १९७३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या क्लबांसाठी नियम केला: अटी स्पष्ट सांगा आणि नकार कळवायला किमान दहा दिवस द्या.

जुन्या क्लबांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायला हवी. त्यांचं पुस्तक दारात येऊन पडायचं. नको असलेलं पुस्तक टेबलावर दिसलं, की ‘अरे, हा क्लब बंद करायचा राहिलाच’ हे आठवायचं. म्हणजे मालच आठवण करून द्यायचा. ऑनलाइन सबस्क्रिप्शनमध्ये बहुतेक वेळा दारात काहीच पडत नाही. पैसे जाण्याचा आवाज होत नाही, आणि सेवा वापरली नाही तरी ती कुठे धूळ खात पडलेली दिसत नाही.

## फुकट वाटणं परवडतं कसं?

समजा शंभर जणांनी मोफत ट्रायल घेतलं. काहींना ते आवडेल, ते पैसे देऊन राहतील. काही आठवणीने बंद करतील. आणि काही जण ना वापरतील, ना बंद करतील. धंद्याचं गणित या तिसऱ्या गटावर उभं असतं. त्यांना सेवा पुरवायचा खर्च जवळजवळ शून्य, कारण ते वापरतच नाहीत. विक्रेत्याच्या दृष्टीने याहून गुणी गिऱ्हाईक नाही.

हा तिसरा गट किती मोठा असतो, ते अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं आहे. अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या नोंदींवर स्टेफानो डेलाविग्ना आणि उलरिके माल्मेंडिअर यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारएक वेळाच जात होते. एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलरच पडले असते. व्यायामशाळेत शेवटचं जाऊन आल्यावर सभासदत्व रद्द करायलाही त्यांना सरासरी दोन महिन्यांहून जास्त लागत होते. हे सगळे भोळे लोक नव्हते. ‘उद्या करू’ म्हणणारे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच होते.

दुसरा अभ्यास लिरान आयनाव, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी यांचा, आणि तो मला जास्त चलाख वाटतो. त्यांनी दहा लोकप्रिय सबस्क्रिप्शन सेवांमधले कार्डाचे व्यवहार तपासले. कार्ड बदललं, की ग्राहकाला नवा नंबर पुन्हा द्यावा लागतो, म्हणजे ‘चालू ठेवायचं का?’ हा प्रश्न अचानक समोर येतो. नेमक्या त्याच महिन्यांत सेवा सोडणाऱ्यांची संख्या उसळते. सेवा त्या महिन्यात बिघडलेली नसते. फक्त विचार करायची वेळ आलेली असते. त्यांच्या हिशेबाने, लोकांच्या या बेसावधपणामुळे विक्रेत्यांचं उत्पन्न सेवेनुसार १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक वाढतं. दुपटीहून जास्त वाढ जिथे नुसत्या विसरण्यातून होते, तिथे विक्रेत्याला तुमची स्मरणशक्ती सुधारण्यात रस का असावा?

## एका ‘मोफत बाटली’चा प्रवास

आता तळघरात उतरू.

तुम्हाला जी जाहिरात दिसते ती बहुधा माल विकणाऱ्याने केलेलीच नसते. मध्ये एक दलाल असतो, त्याला ‘अफिलिएट’ म्हणतात. त्याला पगार नसतो. त्याच्या लिंकवरून जाऊन जितके जण कार्ड देतील तितक्यांमागे ठरलेली रक्कम मिळते. माल चांगला आहे का, ग्राहक पुढे टिकतो का, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून तो काहीही लिहितो. बातमीच्या साइटसारखं दिसणारं पान बनवतो, त्यावर कुणा प्रसिद्ध व्यक्तीचा फोटो चिकटवतो, खाली स्वतःच लिहिलेल्या कौतुकाच्या प्रतिक्रिया सोडतो. जाब विचारला तर विक्रेता म्हणतो, ‘ती जाहिरात आमची नाही.’

लिंकवर गेलात की घड्याळ उलटं फिरू लागतं. ‘फक्त ९ मिनिटं शिल्लक, ११ बाटल्या उरल्या.’ पान पुन्हा उघडून पाहा, पुन्हा नऊच मिनिटं असतात. पण त्या नऊ मिनिटांत माणूस खालची ओळ वाचत नाही, आणि घड्याळाचं काम तेवढंच.

खालची ओळ असतेच. फिकट करड्या अक्षरांत, बटणाच्या खाली, मोबाइलवर तर पडदा सरकवल्याशिवाय न दिसणारी. तिच्यात लिहिलेलं असतं, की चौदा दिवसांत रद्द न केल्यास पूर्ण किंमत आकारली जाईल आणि नंतर दर महिन्याला नवी बाटली पाठवली जाईल. हे चौदा दिवस ऑर्डर दिल्यापासून मोजायचे की पार्सल हाती पडल्यापासून? ऑर्डरपासून. पार्सलला आठ दिवस लागले तर वापरून बघायला उरले सहा, आणि गोळ्यांचा गुण सहा दिवसांत येत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

बटण दाबल्यावर आणखी दोन ‘भेटवस्तू’ समोर येतात. ‘हो, मलाही हवी’ हे मोठ्या हिरव्या बटणावर, नकार बारीक अक्षरांत. प्रत्येक भेटवस्तूचा नळ वेगळा. एका बाटलीच्या नादात तीन जोडण्या झालेल्या असतात, तीन वेगळ्या नावांनी.

आणि ही नावं! स्टेटमेंटवर विक्रेत्याचं नाव दाखवायला थोडीच अक्षरं मिळतात, आणि तिथे वस्तूचं नाव नसून कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं तुटक नाव दिसतं. आपण काही घेतलं होतं हेच आठवू नये अशी ही सोय आहे. रक्कमही डोळ्यांत भरेल इतकी मोठी नसते.

कार्ड कंपन्या एका विक्रेत्याविरुद्ध किती तक्रारी येतात यावर लक्ष ठेवतात. प्रमाण वाढलं तर त्याचं खातं बंद होऊ शकतं. म्हणून मुरलेले लोक एकाच्या जागी डझनभर कागदी कंपन्या काढतात आणि व्यवहार त्यांच्यात वाटून टाकतात, म्हणजे एकीच्याही नावावर तक्रारी फार साठत नाहीत. फेडरल ट्रेड कमिशनच्या खटल्यांमध्ये अशा कंपन्यांच्या साखळ्या बाहेर आल्या आहेत. २०११ मधल्या एका खटल्यात तर आरोप असा होता, की गोळ्या आणि दात पांढरे करायच्या औषधांच्या ‘मोफत’ ट्रायलमधून एकाच जाळ्याने अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ग्राहकांकडून ४५ कोटी डॉलरहून जास्त काढले.

## कार्ड दिलं एकाला, बिल लावलं दुसऱ्याने

आणखी एक प्रकार आता बराच आटोक्यात आला आहे, पण ‘नकळत’ या शब्दाचा अर्थ कळायला तो बघण्यासारखा आहे. तुम्ही एका नावाजलेल्या साइटवर खरेदी करता. पैसे भरून झाल्यावर चौकट येते: ‘पुढच्या खरेदीवर सवलत हवी? ईमेल टाका.’ तुम्ही ईमेल टाकता. कार्डाचा नंबर कुणी मागत नाही, म्हणून निर्धास्त असता. पण ती चौकट दुसऱ्याच कंपनीची असते, आणि पहिल्या दुकानदाराने तुमच्या कार्डाचा तपशील पडद्यामागून तिच्याकडे सरकवलेला असतो.

२००९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीने याची चौकशी केली. अफिनियन, व्हर्ट्रू आणि वेबलॉयल्टी या तीन कंपन्यांनी या मार्गाने १४० कोटी डॉलरहून जास्त गोळा केल्याचं तिच्या अहवालात आलं. वाटा अर्थातच पहिल्या, नावाजलेल्या दुकानदारांनाही मिळत होता. परिणामी डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत कायदा झाला. त्याने हे पडद्यामागचं सरकवणं बंद केलं आणि ऑनलाइन नळजोडणीला तीन अटी घातल्या. कार्ड मागण्याआधी सर्व महत्त्वाच्या अटी ठळकपणे सांगायच्या, ग्राहकाची समजून-उमजून संमती घ्यायची, आणि बंद करण्याची सोपी सोय द्यायची. ॲमेझॉनवरचा खटलाही याच कायद्याखालचा.

## ‘रद्द करा’ सापडत का नाही?

खटल्याच्या कागदपत्रांत एक मजेशीर तपशील आहे. प्राइम रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत ‘इलियड’ म्हणत. होमरचं ते ट्रोजन युद्धाचं लांबलचक महाकाव्य. सदस्य व्हायला एक-दोन क्लिक, आणि बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय, असं कमिशनचं म्हणणं होतं. नामकरण मराठी माणसाने केलं असतं तर चक्रव्यूह म्हटला असता, आणि ते जास्त नेमकं झालं असतं: आत शिरण्याची विद्या सगळ्यांना असते.

फसवण्यासाठीच केलेल्या अशा रचनेला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझाइनरने २०१० मध्ये हे नाव दिलं. यात चलाखी असते ती मांडणीची. नकाराच्या बटणावर ‘नको’ असं न लिहिता ‘नको, मला मोफत डिलिव्हरी नको आहे’ असं लिहायचं. ‘थांबा, तुमचे फायदे जातील’ अशा पानावर ‘राहू द्या’ मोठं आणि रंगीत, ‘तरीही रद्द करा’ फिकट. काही ठिकाणी सदस्य होणं ऑनलाइन आणि सोडणं मात्र फोन करूनच, तोही ठरावीक वेळात. व्होनेज या इंटरनेट फोन कंपनीने २०२२ मध्ये अशाच आरोपांवरून १० कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं.

हे तुरळक नाही. २०२४ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मिळून सबस्क्रिप्शन विकणाऱ्या ६४२ साइट आणि ॲप तपासली. सुमारे ७६ टक्के ठिकाणी किमान एक संशयास्पद मांडणी सापडली, आणि सुमारे ६७ टक्के ठिकाणी एकाहून जास्त.

## ‘पण अटी तर लिहिलेल्या होत्या ना?’

हा आक्षेप नेहमीचा, आणि तो पीडित माणूसच स्वतःवर घेतो, म्हणून तक्रार करत नाही. उत्तर असं, की लिहिणं आणि सांगणं या दोन गोष्टी आहेत. दुकानदाराने किमतीची पाटी काउंटरच्या आतल्या बाजूला लावली तर पाटी होती हे खरं, पण किंमत सांगितली असं कुणी म्हणणार नाही. कायद्याची भाषाही हेच विचारते: मजकूर कुठेतरी होता का, हे नव्हे, तर सामान्य माणसाच्या नजरेला पैसे देण्याआधी तो पडला असता का.

दुसरी खूणही तितकीच बोलकी. ज्या कंपनीला अटी खरोखर कळवायच्या असतात ती ट्रायल संपायच्या आधी एक ईमेल पाठवते. तांत्रिकदृष्ट्या तो पाठवणं म्हणजे काहीच काम नाही. जाहिरातींचे रोज दोन ईमेल पाठवणाऱ्याला नेमका तोच एक पाठवायला जमत नसेल, तर तो विसरलेला नाही.

## ‘मी सरळ कार्डच बदलून टाकतो’

पूर्वी हा उपाय चालायचा. आता त्याची खात्री नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडे नवं कार्ड निघाल्यावर त्याचा तपशील जुन्या विक्रेत्यांना आपोआप पोचवणारी सोय आहे, आणि बँक व विक्रेता त्या सोयीत सामील असतील तर नवा नंबर न देताही नळ वाहत राहतो. प्रामाणिक सेवांसाठी हे सोयीचंच, बिल अडकत नाही. शिवाय विक्रेत्याकडे अनेकदा खरा नंबर नसून त्याच्या बदल्यातला सांकेतिक क्रमांक असतो, आणि कार्ड बदललं तरी तो चालू राहू शकतो. म्हणून बँकेला ‘कार्ड बदला’ एवढंच न सांगता ‘या विक्रेत्याची कायमची परवानगी काढा’ असं सांगायचं.

ॲप मोबाइलमधून काढून टाकल्यानेही सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. हा तर सर्वात जास्त पसरलेला गैरसमज. ॲप फोनमध्ये असतं, परवानगी ॲप स्टोअरच्या खात्यात असते. दोन-चार दिवसांचं ट्रायल देऊन, लोक ॲप उडवतील पण सबस्क्रिप्शन विसरतील यावर जगणाऱ्या ॲपना सोफोस या सायबर सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये ‘फ्लीसवेअर’ असं नाव दिलं. मेंढीची लोकर उतरवण्यावरून.

## कायदे झाले, मग अजून हे चालतं कसं?

काही ठिकाणी बरंच झालं आहे. युरोपीय संघात पैसे द्यावे लागणार असतील तर बटणावर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि जादा खर्चाच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवता येत नाही. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सेवांसाठी साइटवर ‘करार रद्द करा’ असं बटणच लागतं. कार्ड कंपन्यांनीही २०१९-२० मध्ये नियम कडक केले: वस्तूंच्या ट्रायलनंतर पैसे घेण्याआधी पुन्हा संमती घ्या, असं मास्टरकार्ड म्हणते, आणि ट्रायल संपण्याच्या किमान सात दिवस आधी कळवा, असं व्हिसा.

अमेरिकेत मात्र गाडी अडली. जितक्या सहज सदस्य होता येतं तितक्याच सहज सोडता आलं पाहिजे, असा नियम फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. जुलै २०२५ मध्ये, तो पूर्ण लागू व्हायच्या काही दिवस आधी, अपील न्यायालयाने तो रद्द केला. नियम चुकीचा म्हणून नव्हे, तर करताना आर्थिक परिणामांच्या अभ्यासाची एक पायरी गाळली म्हणून. २०१० चा कायदा शाबूत आहे, पण प्रत्येक कंपनीवर वेगळा खटला भरत बसावं लागतं.

भारतात दोन पातळ्यांवर काम झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कायमची परवानगी देताना ओटीपीसारखी जादा पडताळणी आणि प्रत्येक वेळी पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना लागते. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ डार्क पॅटर्नना मनाई केली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावानिशी आहे. यातला रिझर्व्ह बँकेचा मार्ग मला अधिक परिणामकारक वाटतो, कारण तो विक्रेत्याच्या सचोटीवर विसंबत नाही, थेट नळावर मीटर बसवतो. पण त्याच्यातही फट आहे. सर्वसाधारण सबस्क्रिप्शनसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागत नाही, आणि छुपी बिलं सहसा एवढी मोठी नसतात. मग उरतो तो आदल्या दिवशीचा मेसेज, दहा जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवलेला.

## पैसे गेलेच असतील तर

आधी पुरावा जमवा, मग भांडा. ऑफरचं पान अजून उघडत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट, ऑर्डरचा ईमेल, स्टेटमेंटमधली ओळ. विक्रेत्याला लेखी कळवा की संमती मागे घेतली आहे, सबस्क्रिप्शन रद्द करा, पैसे परत करा. फोनवर बोललात तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. ‘अर्धे पैसे परत घ्या आणि मिटवा’ असा प्रस्ताव येईलच, कारण बँकेपर्यंत गेलेली तक्रार त्यांना त्याहून महाग पडते. हे माहीत असेल तर घासाघीस करता येते.

उत्तर आलं नाही तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागायचा. म्हणजे कार्ड कंपनीच्या नियमांनुसार तो व्यवहार उलटवून घ्यायचा. याला मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या ‘दोन दिवसांत बघतो’वर महिने घालवू नयेत. अर्ज करताना ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं मात्र लिहू नका. पहिलं बटण तुम्हीच दाबलं होतं, विक्रेता ती नोंद पुढे करेल आणि तुमची बाजू लंगडी पडेल. खरं आहे तेच लिहा: एकदाच्या पैशांना संमती दिली होती, पुढच्या वसुलीची अट दाखवली गेली नाही, किंवा अमुक तारखेला रद्द केलं, तरी पैसे घेतले. भारतात असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

जे रद्द कराल त्याची पोच जपून ठेवा आणि पुढचं बिलचक्र उलटेपर्यंत लक्ष ठेवा, कारण पडद्यावर ‘रद्द’ दिसणं आणि नळ खरोखर बंद होणं यात एखादं पान राहून गेलेलं असू शकतं. ‘थोडे दिवस थांबवा’ हे बटण म्हणजे रद्द करणं नव्हे. ती तोटी काही आठवड्यांनी आपणहून उघडते.

आपल्या नावावर किती नळ वाहत आहेत ते बघायचं असेल तर कार्डाचं आणि खात्याचं स्टेटमेंट काढून बसा. एकच रक्कम, जवळपास त्याच तारखेला, पुन्हा पुन्हा दिसली की तिच्यावर खूण करा. काढायचं तर तेरा महिन्यांचं काढा. वर्षातून एकदाच पैसे ओढणारी सबस्क्रिप्शनं तीन-चार महिन्यांच्या कागदात सापडतच नाहीत, आणि त्यांची जोडी दिसायला तोच महिना दोन्ही वर्षांचा समोर लागतो.